छंद : दुर्गम नदीखोरी

वैभवीला छंद म्हणावा असं काही नव्हतं. दिल्लीतल्या राजिंदर नगरच्या एका खिडकीच्या खोलीत सहा वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला छंद असेल, असं मानणं तसं भाबडेपणाचंच. पण मुलाखतीआधी जो सविस्तर अर्ज भरावा लागतो, त्यात छंदाचा रकाना असतो. मुलाखत घेणारं मंडळ तोच अर्ज पुढ्यात ठेवून प्रश्न विचारतं, त्यामुळे तो रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

"वाचन लिहू नकोस यार," चैतन्य म्हणाला. "वाचन, कुकिंग, योगा. बोर्डाला झोप येते."

चैतन्य नांदेडचा. स्वतः दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आलेला आणि आता इतरांना मुलाखतीसाठी तयार करणारा. पोहता न येणारा पोहण्याचा मास्तर, असं मुलं त्याच्या माघारी म्हणायची आणि तोंडावर सर म्हणायची. त्याने मोबाईलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, म्यानमारच्या सीमेजवळ हिरव्यागार भागातून जाणाऱ्या एका बारीक निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही बघ. नामलाई. लिही, दुर्गम नदीखोऱ्यांची भटकंती. विशेष उल्लेख, नामलाईचं खोरं."

"मी गेले नाहीये तिथे."

"कोण गेलंय? म्हणूनच तर."

वैभवीने लिहिलं. खोटं लिहिताना वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर तिला आठवून बघावं लागलं असतं. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग स्वतःचाच गाल बोटाने दाबला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा ती दोन दिवस रडली होती. तिसऱ्या वेळी संध्याकाळपर्यंत रडली. पाचव्या वेळी आठ गुणांनी गेलं, तेव्हा मेसमध्ये जाऊन वरण-भात खाल्ला. धाकट्या बहिणीचं लग्न तिने मोबाईलवर बघितलं आणि अक्षता पडत असताना शेजारच्या वहीत पंचायत राजच्या नोट्स काढल्या. हा सहावा प्रयत्न, आणि नियमाप्रमाणे शेवटचा. जिंतूरला बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बसले होते. ते आता फोनवर "अभ्यास कसा चाललाय" असंही विचारत नसत. "जेवलीस का" एवढंच विचारत.

खोट्याचं पितळ उघडं पडलं ते सराव मुलाखतीत. करोल बागेतल्या एका क्लासमध्ये मंडळाच्या जागी निवृत्त अधिकारी बसवून मुलाखतीची रंगीत तालीम घेतात. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अर्ज बघितला आणि गोड आवाजात विचारलं, "नामलाईचं पाणी कोणत्या रंगाचं असतं हो मार्चमध्ये?"

"निळसर हिरवं, सर," वैभवी म्हणाली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

गृहस्थ हसले. त्या जिल्ह्यात त्यांनी तीन वर्षं काढली होती. "बेटा, ज्या मंडळासमोर तू जाशील तिथे माझ्यासारखा एखादा असू शकतो," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

बाहेर आल्यावर चैतन्यने दोन मिनिटं विचार केला. "जाऊन ये," तो म्हणाला. "अठरा दिवस आहेत. खोटं लिहिलंय ना, मग खरं करून टाक."

असा उपाय फक्त राजिंदर नगरमध्येच सुचू शकतो. वैभवीने त्या भागात जायला लागणारं परमिट काढलं, बॅगेत दोन कपडे, एक टॉर्च आणि दोनशे पानी वही टाकली आणि निघाली. दिब्रूगडपर्यंत विमान, तिथून एक पूर्ण दिवस सुमोत, आणि रस्ता संपला तिथून पुढे पायी. सुमोवाल्याने तिला गाम नावाच्या पन्नाशीच्या माणसाच्या हवाली केलं. गाम त्याच दरीतल्या गावाचा होता. मीठ, साबण आणि एक पत्र्याचा डबा घेऊन तो परत चालला होता.

"आप उधर क्यों जाता है?" त्याने विचारलं.

"देखना है," वैभवी म्हणाली.

"अच्छा," गाम म्हणाला आणि तिची बॅग उचलून चालायला लागला.

वाट जंगलातून होती. झाडं इतकी उंच की शेंडे दिसत नव्हते, बुंध्यांवर केळीच्या पानांएवढी पानं चढलेली, आणि सगळीकडे पाणी ठिबकत होतं, पाऊस नसतानाही. दुसरं कुणी असतं तर उभं राहून तोंड वासलं असतं. वैभवीने उभं राहून लिहिलं : उष्णकटिबंधीय सदाहरित वन, चार थर, जैवविविधता. पायाला जळवा लागल्या, त्या गामने मीठ लावून काढल्या. तिने लिहिलं : स्थानिक ज्ञान. दुपारी झाडं अचानक संपली आणि खाली दरी उघडली. दोन्ही बाजूंनी हिरवे डोंगर खाली उतरत आलेले आणि मध्ये नदी. तिने खूप वेळ बघितलं. काहीतरी वाटावं म्हणून मुद्दाम बघितलं. मग लिहिलं : रंग, गढूळ, कोऱ्या चहासारखा.

नदीवर पूल नव्हता. दोन्ही काठांवर वेताच्या दोऱ्यांची तुटकी टोकं लोंबत होती. "पुल था. पिछला जून में गया," गाम म्हणाला. एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत तार बांधली होती, ती हाताने ओढत बांबूच्या तराफ्यावरून दोघं पलीकडे गेले.

गावात वीस-बावीस घरं, सगळी बांबूच्या खांबांवर उभी. आणि तिथे वैभवीच्या हातून एक चूक झाली. चूक म्हणजे तिने काही मुद्दाम केलं नाही. तिने फक्त प्रश्न विचारले, आणि सहा वर्षांत तिला प्रश्न विचारायची एकच रीत माहीत झाली होती. घरं किती? मुलं किती? शाळा कुठे? आरोग्य केंद्र किती अंतरावर? रेशन कधी येतं? समोरचा बोलत असताना ती मान न उचलता लिहीत होती. थोड्या वेळाने लक्षात आलं, की आजूबाजूला माणसं जमली आहेत. कुणीतरी निळी प्लास्टिकची खुर्ची आणली. गावात बहुधा ती एकच होती. ती तिच्यासाठी पुसून ठेवली, आणि बाकीचे खाली बसले.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. मी कुणी अधिकारी नाही, मी परीक्षा देणारी मुलगी आहे, असं एक वाक्य. पण ती खुर्चीवर बसली. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे होतं.

मग गामने त्याच्या मुलीची गोष्ट सांगितली. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. गेल्या सप्टेंबरात कळा सुरू झाल्या, तेव्हा नदी भरून वाहत होती. पूल जूनमध्येच गेला होता, तराफा टिकत नव्हता. तिला बांबूच्या पाळण्यातून काठापर्यंत आणलं आणि पाणी उतरायची वाट बघत दोन दिवस तिथेच थांबले. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तोवर ती गेली होती, बाळही. कुणी कालचं हवामान सांगावं तसं गामने ते सांगितलं. त्याची बायको चुलीपाशी पाठमोरी बसली होती, तिने मान वळवली नाही.

वैभवीने लिहिलं : मातामृत्यू, दळणवळण, उदाहरण. आणि समासात चांदणी काढली. महत्त्वाच्या मुद्द्याला चांदणी काढायची तिची सवय होती.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, पण पहाटेपासून धो धो पाऊस लागला आणि नदी चढली. तराफा सोडणं शक्य नव्हतं. तो दिवस गेला, त्याच्या पुढचाही. वैभवी गामच्या घराच्या ओट्यावर बसून बोटांवर दिवस मोजत होती. मुलाखतीला अकरा, मग दहा. आता आपण घाबरायला हवं, असं तिच्या मनात येत होतं, पण भीती वाटत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. गावातल्या सहा जणांनी शेतावरची कामं टाकून नवे बांबू तोडले, दुप्पट रुंदीचा तराफा बांधला आणि तिला मधोमध बसवून सहाही जणांनी तार धरली. पाणी उसळून त्यांच्या कमरेवर येत होतं.

"मार्च का पानी है," गाम म्हणाला. "हो जाएगा."

झालं. पलीकडच्या काठावर गामने शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत एक कागद होता. गावातल्या मास्तरांनी हिंदीत लिहिलेला पुलासाठीचा अर्ज, खाली पाच सह्या आणि जांभळ्या शाईचे एकोणीस अंगठे.

वैभवीने तो घडी न उलगडता दोन्ही हातांनी घेतला. आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिने कुणाकडून ऐकलं होतं कोण जाणे, पण अगदी सराईतपणे निघालं.

"देखते हैं," ती म्हणाली.

गामने मान डोलावली. तिचा फोन नंबर त्याने एका साबणाच्या वेष्टणावर लिहून घेतला.

शहाजहान रोडवरच्या लोकसेवा आयोगाच्या इमारतीत तिची मुलाखत दुपारच्या सत्रात झाली. पाच जण समोर होते. छंदावर प्रश्न आला, अगदी चैतन्यने सांगितला होता तसाच. त्या भटकंतीतला मनात राहिलेला एखादा अनुभव सांगा. वैभवीने तीन सेकंद थांबून, आवाज किंचित खाली आणून सुरुवात केली. सर, त्या गावात एक गर्भवती महिला होती. मग नदी, मग पूल, मग दोन दिवसांची वाट. शेवटी उपाय : तात्पुरते झुलते पूल, बोटीची रुग्णवाहिका, प्रशिक्षित दाई, पावसाळ्याआधी प्रसूतिगृहात स्थलांतर, स्थानिक सहभाग. पाच मुद्दे, चार मिनिटं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि "व्हेरी गुड" म्हटलं.

फुटपाथवर चैतन्य उभा होता. सगळं ऐकून त्याने तिचा हात हातात घेऊन हलवला. "फोडलंस," तो म्हणाला. "बिल्कुल फोडलंस. ती बाईवाली गोष्ट म्हणजे सोनं आहे."

वैभवीलाही तसंच वाटलं. की वाटलं नाही, हे तिला नीट सांगता आलं नसतं. तिला भूक लागली होती.

एप्रिलात एका संध्याकाळी निकाल लागला. यादी उघडून तिने नाव टाकलं. नाव नव्हतं. आडनाव टाकून बघितलं, रोल नंबर टाकून बघितला. मग लॅपटॉप मिटून ती बराच वेळ भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत बसली. बाबांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "बरं. आता घरी ये बाळा." ती म्हणाली, "येते." मेसमध्ये त्या दिवशी बटाट्याची भाजी होती. तिने दोन पोळ्या खाल्ल्या.

राजिंदर नगरचा एक रिवाज आहे. ज्याचा शेवटचा प्रयत्न संपतो, तो जाताना आपली पुस्तकं आणि नोट्स मागच्यांना वाटून जातो. तेराव्याला भांडी वाटतात तसंच ते, फक्त गेलेला माणूस स्वतः हजर असतो. वैभवीने पुस्तकं वाटली. मुलाखतीची फाईल, नामलाईची वही आत ठेवलेली, लातूरच्या रुचिराला दिली. रुचिरा पहिल्याच वर्षाची होती, फाईल छातीशी धरून म्हणाली, "ताई, ह्यात सगळं आहे?"

"सगळं," वैभवी म्हणाली. त्या सगळ्यात काय काय आहे, हे तिने बघितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी, घरी जायच्या दोन दिवस आधी, ती गुणपत्रिकांच्या प्रती काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. जिंतूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची जागा होती, तिथे द्यायच्या होत्या. काउंटरवर स्पायरल घातलेल्या नोट्सची चळत होती. वरच्या प्रतीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : इंटरव्ह्यू, हॉबी सेक्शन. तिने सहज पानं उलटली आणि आत तिचंच अक्षर दिसलं. उष्णकटिबंधीय सदाहरित वन, चार थर. रंग, गढूळ. पुढच्या पानावर समासातली चांदणी. आणि त्याच्या पुढच्या पानावर गावाचा अर्ज.

प्रतीवरून प्रत काढल्यामुळे मजकूर अर्धा पुसला होता. अंगठ्यांचे काळे डाग झाले होते, रेषा एकाही अंगठ्याला उरली नव्हती. समासात कुणीतरी पेनाने लिहिलं होतं : ह्यूमन अँगल, मस्त.

"ये वाला खूब चल रहा है, मैडम," दुकानदार म्हणाला. त्याने तिला ओळखलं नव्हतं.

"इसका ओरिजिनल कहाँ है?"

"ओरिजिनल कौन रखता है? कॉपी हो गई, बंडल रद्दी में गया."

ती पान धरून उभी राहिली. आपण काय गमावलं याचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, आणि तिचं शिकलेलं डोकं लगेच समजूत काढायला आलं. अर्ज त्यांनी अधिकाऱ्याला दिला होता. आपण अधिकारी नाही. म्हणजे अर्ज कुणालाच दिलेला नव्हता. चूक त्यांची झाली, माणूस ओळखण्यात. मुद्दा पटण्यासारखा होता, आणि ती प्रत मिटून ठेवणारच होती.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आणि पलीकडे आधी नुसता वारा ऐकू आला.

"मैडम, गाम बोलता है. नामलाई से."

"हाँ, दादा."

"नेटवर्क के लिए ऊपर चढ़ा. आधा दिन लगता है." तो धापा टाकत होता. "कागज़ कहाँ तक पहुँचा?"

उत्तरं तिच्याकडे तयार होती. प्रक्रिया चालू आहे. संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. पावसाळ्यानंतर बघू. अशी वाक्यं तिला झोपेतसुद्धा म्हणता आली असती आणि गामने ती मुकाट्याने ऐकून घेतली असती, कारण तीच ऐकायची त्याला सवय होती.

"दादा," ती म्हणाली, "मैं अफसर नहीं हूँ. उस दिन भी नहीं थी. परीक्षा दे रही थी. फेल हो गई."

वारा वाहत राहिला.

"मालूम है," गाम म्हणाला. "पहला दिन से मालूम है. अफसर लोग इधर तक नहीं आता. आप पैदल आया. इसलिए कागज़ आपको दिया."

दुकानात मशीन चालू होतं. कुणाची तरी पानं एकामागून एक बाहेर पडत होती. वैभवीने काउंटरला हात टेकला. सहा वर्षांत तिला लाज वाटली नव्हती, आठ गुणांनी गेलं तेव्हाही नाही आणि यादीत नाव नव्हतं तेव्हाही नाही. आता वाटली. बधिर गालातलं औषध उतरायला लागलं की आधी नुसतं चरचरतं, तशी ती हळूहळू वर येत गेली आणि कानापर्यंत पोचली.

"कागज़ मुझसे खो गया, दादा," ती म्हणाली. "मैंने पढ़ा भी नहीं था. खोलकर भी नहीं देखा. आप बोलिए, मैं फिर से लिखती हूँ."

"अभी?"

"अभी."

तिने गुणपत्रिकेची एक प्रत पालथी घातली आणि दुकानदाराच्या पुढ्यातलं पेन ओढून घेतलं. मागे रांगेतल्या कुणीतरी "मैडम, जल्दी," म्हटलं. ती जागची हलली नाही.

"कहाँ से बोलूँ?" गामने विचारलं.

"बेटी से."



"कोजा," तो म्हणाला. "घर में कोजा बोलता था. स्कूल में सुनीता लिखवाया था. उमर तेईस."

वैभवीने कोरा कागद नीट केला आणि वर पहिल्या ओळीत लिहिलं, कोजा. मंडळासमोर ही गोष्ट तिने चार मिनिटांत सांगितली होती. त्या मुलीचं नाव काय होतं, हे पाच जणांपैकी एकानेही विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिला ते सांगता आलं नसतं.